नोटपॅडमधली साम्राज्ये

‘रोम: टोटल वॉर’ हा संगणकावरचा खेळ सप्टेंबर २००४ मध्ये बाजारात आला. तो इंग्लंडमधल्या हॉर्शम गावच्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने बनवला होता. नकाशावर राज्य चालवायचे, कर बसवायचे, सैन्य उभारायचे आणि दोन फौजा समोरासमोर आल्या की हजारो सैनिकांची लढाई स्वतः लढवायची, असा त्याचा घाट होता. अशा खेळाच्या फाइलींत फेरफार करून चाहते जो नवा खेळ उभा करतात, त्याला मॉड म्हणतात. ‘रोम’ आणि त्यापाठोपाठ २००६ मध्ये आलेला ‘मेडीव्हल २’ यांच्यावर जेवढे मोठे आणि धाडसी मॉड उभे राहिले, तेवढे या मालिकेतल्या नंतरच्या कोणत्याही खेळावर उभे राहिले नाहीत. या चढउताराचे मूळ बऱ्याच अंशी फाइलींच्या रचनेत सापडते.

‘रोम’चा जवळजवळ सगळा कारभार साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेला होता. पथकाची मारकशक्ती, चिलखत, मनोधैर्य आणि उभारणीचा खर्च हे सारे स्वल्पविरामांनी तोडलेल्या आकड्यांच्या ओळींत असे. फाइल नोटपॅडमध्ये उघडायची, आकडा बदलायचा, खेळ पुन्हा सुरू करायचा, की बदल डोळ्यांसमोर. नकाशाचीही तीच गोष्ट. प्रांतांचा नकाशा म्हणजे एक साधे चित्र होते. प्रत्येक प्रांताला स्वतःचा एक रंग, त्या रंगात एक काळा ठिपका म्हणजे शहर आणि एक पांढरा ठिपका म्हणजे बंदर. चित्रे रंगवण्याच्या प्रोग्रॅममध्ये हे चित्र नव्याने काढता येई आणि भूमध्य समुद्राच्या जागी दुसरेच जग मांडता येई. एखादा शब्द चुकला की खेळ काहीही न सांगता बंद पडे आणि चूक शोधण्यात रात्र जाई. तरीही प्रोग्रॅमिंगचा गंध नसलेल्या माणसाला शिरता येईल एवढे हे दार उघडे होते.

या दारातून आलेल्यांचा हेतू बहुधा मूळ खेळातल्या चुका सुधारण्याचा असे. खेळाचा काळ इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकापासून पुढचा. तेव्हा इजिप्तवर टॉलेमी घराण्याचे, म्हणजे मॅसेडोनियन वंशाच्या राजांचे राज्य होते आणि त्यांचे सैन्य ग्रीक धाटणीचे, लांब भाल्यांचे होते. खेळात मात्र फेरोंच्या काळातल्यासारखे दिसणारे इजिप्शियन सैनिक रथांत बसून लढत. रोमच्या उत्तरेकडचे लोक तर नुसते रानटी म्हणून रंगवले होते. ‘युरोपा बार्बरोरम’ हा मॉड या अन्यायाला दिलेले सविस्तर उत्तर होता. त्यातला खेळ इसवी सनपूर्व २७२ मध्ये सुरू होतो. पथकांची नावे त्या त्या लोकांच्या भाषेत दिलेली असून सैनिकांच्या आरोळ्याही लॅटिन, ग्रीक आणि केल्टिकमध्ये ध्वनिमुद्रित केल्या होत्या. जिंकलेल्या प्रांतावर कोणत्या प्रकारची राजवट बसवली, यावर तिथे कोणते सैनिक मिळणार हे ठरे, कारण परक्या मुलखात रोमन सैन्यदल उगवत नसते. हे सारे एक पैसाही न घेता केलेले काम होते. एवढ्या निष्ठेने इतिहास मांडणारे व्यावसायिक खेळही थोडेच असतील.

‘रोम’मध्ये बंडखोर धरून एकवीसच सत्ता बसत आणि प्रांत जेमतेम दोनशे. म्हणून ‘युरोपा बार्बरोरम’चा पुढचा भाग ‘मेडीव्हल २’वर करायचे ठरले, कारण तिथे एकतीस सत्तांना जागा होती. ‘युरोपा बार्बरोरम २’ ऑगस्ट २०१४ मध्ये लोकांच्या हाती आला. त्याच्या जवळपास वर्षभर आधी, सप्टेंबर २०१३ मध्ये, कंपनीचा स्वतःचा ‘रोम २’ आलेला होता. म्हणजे प्राचीन काळावरचाच नवाकोरा खेळ समोर असताना हा मॉड करणारा संघ आठ वर्षे जुन्या, मध्ययुगावरच्या खेळावर ठाम राहिला. मधल्या काळात काय बदलले होते, हे या एका निवडीवरून कळते.

बदल झाला तो मार्च २००९ मध्ये आलेल्या ‘एम्पायर: टोटल वॉर’पासून. त्याचे इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा गाभा, नवे होते. मजकुराच्या फाइली जाऊन बांधीव गठ्ठे आले, आकडे कोष्टकांत कोंडले गेले आणि नकाशा आतच पक्का झाला. चाहत्यांनी गठ्ठे उघडणारे प्रोग्रॅम स्वतः लिहिले, पण प्रांतांच्या सीमा नव्याने आखणे वर्षानुवर्षे जमले नाही. या खेळात मराठ्यांचे राज्य खेळता येणाऱ्या सत्तांपैकी एक होते. मात्र हिंदुस्थान मोजक्या मोठ्या प्रांतांत वाटलेला होता. पानिपतच्या वेळची खरी राजकीय विभागणी कुणाला मांडावीशी वाटली, तरी तसा नकाशा काढण्याची सोय नव्हती. कंपनीने पुढे ‘शोगुन २’पासून मॉडसाठी अधिकृत साधने दिली. त्यांनी आकडे बदलणे सोपे झाले, जग बदलणे नाही.

चित्रांची श्रीमंतीही आड आली. जुन्या खेळातला सैनिक ओबडधोबड असे आणि एकटा हौशी कलाकार नवे पथक घडवू शके. नव्या खेळांत एकाच पथकातले चेहरे, ढाली आणि चिलखते वेगवेगळी हवीत. ती व्यावसायिक प्रतीची नसली तर शेजारच्या मूळ पथकापुढे उघडी पडतात. शिवाय नव्या खेळांवर वर्षानुवर्षे विकत घ्यायचे भाग येत राहतात आणि प्रत्येक पॅचबरोबर, म्हणजे कंपनीने पाठवलेल्या दुरुस्तीबरोबर, मॉड मोडतो. ‘मेडीव्हल २’चा विस्तार २००७ मध्ये आला आणि त्यानंतर तो खेळ फारसा हलला नाही. ‘युरोपा बार्बरोरम २’सारखे वर्षानुवर्षांचे काम पायाखालची जमीन स्थिर असेल तरच उभे राहते. टॉल्किनच्या जगावरचा ‘थर्ड एज’ त्याच जमिनीवर वाढला.

माणसेही निघून गेली, आणि त्यांना दोष देता येत नाही. ‘टोटल वॉर’च्या खेळांवरच्या ‘डार्थमॉड’चा कर्ता निक थोमॅडिस याने स्वतःची कंपनी काढली आणि २०१४ मध्ये ‘अल्टिमेट जनरल: गेटिसबर्ग’ हा खेळ आणला. ‘सिव्हिलायझेशन ४’वर ‘फॉल फ्रॉम हेवन’ रचणारा डेरेक पॅक्स्टन स्टारडॉक कंपनीत गेला. ‘एज ऑफ एम्पायर्स २’च्या चाहत्यांनी केलेला विस्तार २०१३ मध्ये अधिकृत होऊन विकला गेला. ‘वॉरक्राफ्ट ३’वरच्या ‘डोटा’ची कथा सर्वांत मोठी. त्यातून खेळांचा एक नवा प्रकारच जन्मला आणि त्याचा उत्तराधिकारी वाल्व्ह या दुसऱ्याच कंपनीने काढला. २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३’ची नवी आवृत्ती आली, तेव्हा चाहत्यांनी रचलेल्या खेळांवर आपलीच मालकी राहील, अशी अट त्या खेळाची मूळ कंपनी ब्लिझार्डने घातली. दहा वर्षे मोबदल्याविना खपणाऱ्याला ही अट जाचक वाटणार, हे उघड आहे.

सगळीकडे ओहोटीच लागली असे मात्र नाही. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीने आपल्या खेळांच्या फाइली मजकुरातच ठेवल्या. तिच्या ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’वर पहिले महायुद्ध जर्मनीने जिंकले असे मानणारा ‘कायझरराइख’ जोमाने चालू आहे आणि २०२० मध्ये ‘द न्यू ऑर्डर’सारखा कादंबरीएवढ्या मजकुराचा मॉड तिथे आला. लोकांची हौस आटली, हे स्पष्टीकरण यासमोर टिकत नाही. ‘रोम २’वरचा ‘डिव्हाइड एट इम्पेरा’ही वर्षानुवर्षे चालू राहिला, पण तो खेळाचे नियम आणि पथके बदलतो, नकाशा मूळचाच ठेवतो.

एप्रिल २०२१ मध्ये फेरल इंटरॅक्टिव्ह कंपनीने ‘रोम’ची नवी आवृत्ती काढली, तेव्हा सत्तांच्या आणि प्रांतांच्या जुन्या मर्यादा मुद्दाम सैल केल्या. ‘मेडीव्हल २’ला ती सोय मिळालेली नाही. त्याच्या चाहत्यांनी चालू खेळाच्या स्मृतीत शिरून मर्यादा ओलांडणारा प्रोग्रॅम स्वतः लिहिला असून ‘थर्ड एज’वरून निघालेल्या मॉडांचे काम त्याच्याच आधाराने पुढे चालले आहे.