कौटुंबिक हिंसाचार : पुनरावृत्तीचा अंदाज (उजनी धरणकाठ)

बायकोला मारहाण केलेला पुरुष पुन्हा हात उचलेल का, हे ठरावीक प्रश्नांवरून ताडण्याची पद्धत. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात पोलिसांच्या नोंदी अभ्यासून बेतलेली ‘ओडारा’ ही 13 प्रश्नांची चाचणी या प्रकारात अधिक परिचित. आधीची मारहाण, जीवे मारण्याची धमकी, कोंडून ठेवणे, गरोदरपणातला मार, नवऱ्याचे व्यसन अशा प्रत्येक ‘होय’ला एक गुण, गुण वाढतील तसा धोका वाढतो.

करमाळा, माढा व इंदापूर तालुक्यांत उजनी धरणाच्या यशवंतसागर जलाशयाच्या काठाने ही चाचणी लावायची तर पहिली अडचण नोंदींचीच. विवाहितेच्या छळाबद्दलचे भारतीय दंड संहितेचे कलम 498अ (1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 85) लागले, तरी तडजोड होते, साक्षीदार फिरतात आणि अनेक खटले शिक्षेपर्यंत पोचत नाहीत. 2005चा कौटुंबिक हिंसाचार कायदा मुळात संरक्षण देणारा. त्यातला संरक्षण आदेश मोडला तरच कलम 31खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून फक्त शिक्षा झालेल्यांची यादी घेऊन बसणे इथे अपुरे, किंबहुना घातक आहे.

त्यात धरणाचे पाणी आडवे. सासर कुगावला आणि माहेर होडीने पलीकडे कळाशीला असेल, तर एक गाव सोलापूर जिल्ह्यात, दुसरे पुणे जिल्ह्यात. माहेरी आलेल्या बाईला तिथेही तक्रार देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019मध्ये रूपाली देवी खटल्यात स्पष्ट केले. पण मग एक एनसी (अदखलपात्र नोंद) या काठावर, पुढची फिर्याद त्या काठावर. दोन्हीकडचे कागद एकत्र पाहिल्याशिवाय सराईत माणूसही पहिल्यांदाच गुन्हा करणारा दिसतो.

उसाच्या रानातली एकटी वस्ती, हाताशी फोन नाही, जायला वाहन नाही, यालाही ओडारा गुण देते. बाईला स्वतःला पुन्हा माराची भीती वाटते का, हाही या चाचणीतला एक प्रश्न. आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या 2006च्या नियमांतील ‘सुरक्षा योजना’ या नमुन्यात संरक्षण अधिकाऱ्याने हीच भीती लिहून घ्यायची असते. तो रकाना मोकळा सोडणे म्हणजे हाती असलेला सर्वांत जवळचा पुरावा टाकून देणे. मात्र ‘आता सुधारलेत’ असे ती म्हणाली, तरी धोका टळला असे धरू नये. अमेरिकेतील परिचारिका-संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांच्या अभ्यासात जिवावरच्या हल्ल्याला बळी पडलेल्या अनेकींनी धोका कमी लेखलेला आढळला. गळा दाबला होता का आणि ती घर सोडून निघाली होती का, हे दोन प्रश्न म्हणूनच नेमके, वेगळे विचारावे लागतात.