नोंदवहीपासून संगणकीय नोंदीपर्यंत : महाड-पोलादपूरच्या संदर्भात परिचर्या आणि रुग्णसुरक्षा

रुग्णाची नोंद हा परिचर्येचा अविभाज्य भाग होय. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ मध्येच रुग्णालयांतील नोंदी एकसमान असाव्यात, असा आग्रह धरला होता. भारतात ग्रामीण परिचारिकेची भिस्त दीर्घकाळ कागदी नोंदवहीवर राहिली. २००९ पासून माता-बालकांच्या नोंदी संगणकीय प्रणालीत येऊ लागल्या. केंद्र शासनाने २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके जाहीर केली व २०१६ मध्ये त्यांत सुधारणा केली. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झाले.

अशा नोंदींमुळे अस्पष्ट हस्ताक्षरातून होणाऱ्या चुका टळतात. रुग्ण पोलादपूरहून महाड वा अलिबागला पाठविल्यास त्याची औषधे व ॲलर्जी यांची माहिती त्याच्याआधी तेथे पोहोचू शकते. मात्र कागद व संगणक अशी दुहेरी नोंद करावी लागल्यास परिचारिकेचा रुग्णाजवळचा वेळ घटतो. पाळी बदलताना होणारा तोंडी संवादही त्रोटक होतो.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारी नद्यांच्या पुराने महाड वेढले गेले. तळिये येथे दरडीखाली ८० हून अधिक बळी गेले. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. वीज व दूरध्वनी सेवा खंडित झाली. पुरात कागद भिजतो, तसाच विजेअभावी संगणकही मुका होतो. अशा वेळी एका परिचारिकेने दुसरीस रुग्णाच्या खाटेजवळ सांगितलेली माहितीच उपयोगी पडते. म्हणून या दुर्गम, आपत्तिप्रवण भागात संगणकीय नोंद ही तोंडी संवादास पूरक असावी, पर्याय नव्हे.