उसना इलाज

गेल्या तीन-चार वर्षांत एक मत अनेक देशांत रूढ होत चालले आहे. एल साल्वादोरचे राष्ट्राध्यक्ष नायीब बुकेले यांनी टोळ्यांचा कणा मोडला, तेव्हा गुन्हेगारीने त्रासलेल्या प्रत्येक देशाने त्यांचाच कित्ता गिरवावा, असे ते मत. त्याला भक्कम आधार आहे, हे आधी मान्य करायला हवे. २०१५ साली त्या देशात दर लाख लोकांमागे शंभराहून अधिक खून झाले. २०२४ मध्ये सरकारी आकडा दोनच्याही खाली उतरला. महिन्याच्या महिन्याला टोळीला खंडणी मोजणारा दुकानदार आज ती मोजत नाही. त्याचा सुटकेचा निःश्वास खरा आहे.

आता तारखा पाहू. सरसकट अटकेचा अधिकार देणारी आणीबाणी लागू झाली मार्च २०२२ च्या अखेरीस. खुनांचा दर मात्र २०२१ मध्येच अठराच्या आसपास आलेला होता. २०१५ च्या शिखरापासूनची जवळजवळ निम्मी घसरण तर बुकेले २०१९ मध्ये सत्तेवर येण्यापूर्वीची. त्यानंतरच्या घसरणीविषयी अमेरिकेच्या अर्थखात्याने डिसेंबर २०२१ मध्ये उघड आरोप केला की सरकारी अधिकाऱ्यांनी टोळ्यांशी गुप्त सौदा केला, आणि त्या अधिकाऱ्यांवर निर्बंध घातले. बुकेले यांनी तो आरोप नाकारला. मग दुसऱ्या देशाने नेमके काय शिकायचे? तुरुंग, की सौदा? याचे उत्तर मिळू नये अशी व्यवस्था झाली आहे. पोलिसांशी चकमकीत मेलेले टोळीवाले आणि गुप्त दफनभूमीत सापडलेले मृतदेह खुनांच्या सरकारी मोजणीत धरले जात नाहीत, आणि बरीच मूळ माहिती गोपनीय ठरवली गेली आहे. जो प्रयोग तपासता येत नाही, तो शिकवताही येत नाही. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. ऐंशी हजारांवर अटका झाल्या आणि त्यांत निरपराध किती, हा प्रश्न याहून मोठा आहे. पण या पद्धतीचे समर्थक तो ऐकायला तयार नसतात, म्हणून त्यांच्याच कसोटीवर बोलतो.

कित्ता गिरवणाऱ्यांचे काय झाले, तेही पाहावे. एक्वादोरने जानेवारी २०२४ मध्ये टोळ्यांविरुद्ध युद्धच पुकारले आणि लष्कर रस्त्यांवर व तुरुंगांत उतरवले. त्या वर्षी खून थोडे घटले, २०२५ मध्ये पुन्हा वाढले. साल्वादोरच्या टोळ्या गल्लीच्या खंडणीवर जगत होत्या. एक्वादोरच्या टोळ्यांना ग्वायाकिलसारख्या बंदरांतून जाणाऱ्या कोकेनचा पैसा पोसतो. गल्ली रिकामी केली तरी तो पैसा आटत नाही.

हा मोह जुनाच आहे. २००२ मध्ये मेक्सिको सिटीतल्या धनिकांनी न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी यांच्या कंपनीला त्रेचाळीस लाख डॉलर मोजून सल्ला मागवला. १४६ शिफारशी आल्या. सिग्नलवर मोटारींच्या काचा पुसणाऱ्यांवर कारवाई करावी, ही त्यांतलीच. मेक्सिको सिटीला छळत होती अपहरणे, आणि त्यांत सामील असलेले पोलीस. जून २००४ मध्ये लाखो लोक पांढरे कपडे घालून अपहरणांच्या निषेधार्थ त्याच शहराच्या रस्त्यांवर उतरले.

याउलट कोलंबियातल्या काली शहराचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. १९९२ मध्ये तिथे महापौर झाले रोद्रिगो गेर्रेरो, पेशाने डॉक्टर आणि साथरोगतज्ज्ञ. काली म्हणजे त्या नावाच्याच कुप्रसिद्ध कार्टेलचे गाव. खून होतात ते कोकेनवाल्यांमुळे, ही सर्वांची ठाम समजूत. गेर्रेरो यांनी पोलीस, सरकारी वकील, शवचिकित्सा करणारे डॉक्टर यांना दर आठवड्याला एका टेबलाशी बसवले आणि प्रत्येक मृत्यूचा मेळ घातला: कुठे, किती वाजता, कोणत्या हत्याराने, मृताच्या रक्तात दारू होती का. चित्र वेगळेच निघाले. खून साचत होते शनिवार-रविवारी, सणांना आणि पगार झाल्यावरच्या शुक्रवारी. कारण होते दारू आणि खिशातले पिस्तूल. मग अशा दिवसांपुरती परवानाधारकांनाही पिस्तूल घेऊन फिरायची बंदी झाली. शस्त्रपरवाने लष्कराच्या हाती असल्याने त्याची संमती लागली. पुढे राजधानी बोगोतानेही तेच केले. नंतरच्या अभ्यासात बंदीच्या दिवशी कालीत खून १४ टक्क्यांनी आणि बोगोतात १३ टक्क्यांनी कमी आढळले. आकडा लहान आहे, पण तो कोणालाही पडताळता येतो.

कालीत गेर्रेरो यांची मुदत संपली आणि कामाचा जोर ओसरला. बोगोतात मात्र आन्तानास मोकुस आणि एनरिके पेन्यालोसा या वेगळ्या विचारांच्या महापौरांनी एकापाठोपाठ मोजणीचे काम चालू ठेवले. १९९३ मध्ये लाखामागे ८० च्या घरात असलेला दर दशकभरात २३ च्या आसपास आला. गुन्हे रोखण्याची क्षमता बांधणे म्हणजे काय, ते या फरकात दिसते. तज्ज्ञांचे दौरे आणि कार्यशाळा यांनी ती बांधली जात नाही; माणूस बदलला तरी आठवड्याची बैठक टिकावी लागते.

वेल्समधल्या कार्डिफमध्ये चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करणारे जोनाथन शेफर्ड यांनाही असेच आढळले. मारहाणीत जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्या कित्येकांची पोलिसांत नोंदच नव्हती. तेव्हा नाव वगळून जागा, वेळ आणि हत्यार एवढेच पोलिसांना कळवायचे ठरले. मारहाणीने भरती होणाऱ्यांचे प्रमाण तुलनेच्या शहरांपेक्षा स्पष्टपणे घटले. पुढे अमेरिकेत अटलांटाने ही पद्धत उचलली. देशांनी एकमेकांना द्यावी ती अशी मोजणीची पद्धत.

आक्षेप येईल, की माणसे आज मरत असताना मोजत काय बसायचे? कालीत पिस्तूलबंदी १९९३ च्या नोव्हेंबरात, म्हणजे महापौरपदाच्या दुसऱ्याच वर्षी लागू झाली होती. मोजणीने तिला उशीर केला नाही. कोणत्या दिवशी लावायची, ते मोजणीनेच सांगितले. साल्वादोरचे प्रारूप आपल्या देशात आणा म्हणणाऱ्यांकडे वाचकांनी आधी त्या देशाच्या मृत्यूंची पूर्ण नोंद मागावी, आणि ती खुली होत नाही तोवर त्याला प्रारूप म्हणू नये.