शेवटची जागा कोणाची?

मागच्या वेळी आपण प्रोसेस म्हणजे काय ते पाहिलं. आज तिच्या मर्यादेकडे येऊ. १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत कर्नेलच्या तक्त्यात फक्त ५० प्रोसेसना जागा होती. आकडा वाढवायचा तर कर्नेल पुन्हा कंपाइल करावं लागे. आता बघा, एखादा चुकलेला प्रोग्राम स्वतःच्या प्रती काढत सुटला की तक्ता भरणार. मग त्याला थांबवणारी 'किल' आज्ञा तरी कुठे चालवायची? तीही प्रोसेसच! १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आपल्याला दोन नियम दिसतात: एका वापरकर्त्याला २५ प्रोसेस, आणि तक्त्यातली शेवटची जागा फक्त सुपरयूजरची. आजही सर्व्हर ट्यून करताना आपण वापरकर्त्याची मर्यादा एकूण मर्यादेपेक्षा कमी ठेवतो, ती याचसाठी.