बरगडीची कूर्चा आणि नाकाचा आधार

छातीवर हात ठेवून दीर्घ श्वास घेतला, की छातीचा पिंजरा उचलल्याचे आपणांस जाणवते. नुसत्या हाडाचा पिंजरा इतका लवला नसता. बरगड्यांच्या बारा जोड्यांपैकी वरच्या सात ज्या लवचिक, चिवट भागाने उरोस्थीला जोडल्या जातात, त्याला कूर्चा म्हणतात. ह्या कूर्चेचा श्वासाशी संबंध उघड आहे. नाकाशी तो कसा जडला, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

टिपूशी १७९२ साली संपलेल्या युद्धात इंग्रजांकडील कावसजी नावाचा बैलहाक्या कैद झाला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. ‘नाक कापले जाणे’ हा आपल्याकडे नुसता वाक्प्रचार नव्हता! वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्यांच्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसविले. मेणाच्या पातळ पत्र्याचे माप कपाळावर ठेवून त्याने कातडी सोडविली, दोन डोळ्यांमधील चिंचोळी पट्टी तेवढी जोडलेली राखली आणि कातडी खाली वळवून नाक घडविले. हा वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझीन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली.

येथपर्यंतची कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि येथेच थांबतो. पण कातडी म्हणजे तंबूचे कापड. आत खांब नसेल तर ती आकसून बसते. हा खांब मिळावयास आणखी सुमारे शंभर वर्षे लागली. १९०० च्या सुमारास जर्मन शल्यवैद्य फोन मांगोल्ट यांनी बसक्या नाकाला आधार म्हणून बरगडीची कूर्चा वापरली. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. भोवतालच्या द्रवातूनच तिचे पोषण होते. म्हणून जागा बदलली तरी ती तग धरते.

तरीही एक खोड राहिलीच. सरळ कोरलेला तुकडा पुढे वाकडा होई, आणि नाकही वाकडे दिसे. १९५८ मध्ये गिब्सन आणि डेव्हिस यांनी त्याचे कारण दाखविले: कूर्चेच्या बाहेरच्या थरांत ताण असतो, एकाच बाजूचा थर काढला, की तोल जातो. सर्व बाजूंनी सारखे कोरले, तर तुकडा सरळ राहतो. आजही नाक आणि कान घडविताना शल्यवैद्य बरगडीच्या कूर्चेचा उपयोग करतात.

त्या पुण्याजवळच्या कारागिराचे नाव त्या वृत्तान्तात नाही. त्याचे ऋण मानावयाचे, तर त्याच्यानंतर ज्यांनी त्याचे अपुरे काम पुढे नेले, त्यांचेही मानले पाहिजे, असे आम्हांस वाटते.