पट्टेरी माशाच्या कातड्याची गोष्ट

शहाद्याला खेटून असलेल्या लोणखेड्यात पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचे महाविद्यालय आहे. राज्यभरच्या अशा तालुक्याच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र घेतलेली पोरे कित्येक वर्षे गर्भविज्ञान शिकली ती बेडकावर आणि कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लावर. मासा भेटायचा तो फॉर्मालिनच्या बरणीत. पर ओळखायचे, खवले पाहायचे, जर्नलात आकृती काढायची, की मासा संपला. त्याच काळात परदेशातल्या काही प्रयोगशाळा जेमतेम दीड इंची अशा एका भारतीय माशाच्या अंड्यात डोकावून जनुकांची कामे शोधत होत्या. त्या शोधाचा एक धागा पुढे मुंबईत कुलाब्याला येऊन पोहोचला.

हा मासा म्हणजे झेब्राफिश, शास्त्रीय नाव डॅनिओ रेरिओ. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर 1822 मध्ये मोठा ग्रंथ काढला, त्यात या पट्टेरी माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. आपल्या मुलखात असेच काम कर्नल साइक्सने केले. दख्खनच्या नद्यांतल्या माशांची त्याने 1839 मध्ये शास्त्रीय वर्णने दिली आणि शिंगटी, घोगरा, खुद्री ही इथली नावे थेट लॅटिन नामावळीत बसवली. दोघांनीही मासे पाहिले ते बाहेरून. अंड्यातला जीव आकार कसा घेतो, हा त्यांच्या कामाचा प्रश्न नव्हता.

तो प्रश्न या माशाला विचारला हंगेरीत जन्मलेल्या जॉर्ज स्ट्राइसिंगरने. अमेरिकेत ओरेगन विद्यापीठात हा गृहस्थ आधी विषाणूंच्या जनुकांवर काम करत होता. पाठीचा कणा असलेला, पण उंदरासारखा खर्चिक नसलेला प्राणी त्याला हवा होता. झेब्राफिशची अंडी आईच्या पोटाबाहेर वाढतात, भ्रूण आरपार दिसतो, चोवीस तासांत हृदय हलू लागते आणि तीन महिन्यांत पिल्लू स्वतः अंडी घालायला तयार होते. ओरेगनमधल्या ऑल्बनी गावच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून आणलेल्या माशांपासून त्याचे वाण तयार झाले. जगभर आज ज्याला ‘एबी’ म्हणतात तो प्रयोगशाळेतला कुलीन मासा मूळचा असा दुकानातला. केवळ आईच्या जनुकांवर वाढलेली, एकसारखी पिल्ले तयार करण्याची त्याची युक्ती 1981 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आली. तीनच वर्षांनी त्याचा मृत्यू झाला.

स्ट्राइसिंगरच्या टाक्यांत ‘गोल्डन’ नावाचा एक फिकट मासा होता. त्याचे पट्टे काळेनिळे नव्हते, धुवट सोनेरी होते. त्यामागचे जनुक सापडायला 2005 साल उजाडले. पेनसिल्व्हेनियात कीथ चेंग यांच्या गटाने ते शोधले, त्याचे नाव एसएलसी24ए5. माणसातले तेच जनुक या माशाच्या भ्रूणात घातले तर त्याचे पट्टे गडद झाले. युरोपीय आणि आफ्रिकी माणसांच्या वर्णातल्या फरकाचा बऱ्यापैकी वाटा याच जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाकडे जातो, हेही दिसले. 2013 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच बदल भारतीय उपखंडातल्या माणसांत तपासला. वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर ‘वर्ण : गोरा’ लिहिणाऱ्यांना आपण एका फिकट माशाच्या जनुकाबद्दल लिहितो आहोत, याची कल्पना असण्याचे कारण नाही.

पण रंग हा कातड्याचा वरवरचा भाग झाला. कातडे मुळात अंगाला चिकटून कसे राहते?

या प्रश्नाची वाट जर्मनीतल्या ट्युबिंगेनमधून जाते. फळमाशीच्या भ्रूणातल्या जनुकांसाठी 1995 चे नोबेल मिळवणाऱ्या क्रिस्टियान न्यूसलाइन-फोलहार्ड यांनी माशीवर केले तेच माशावर करायचे ठरवले. नरांना डीएनए बिघडवणारे रसायन मिसळलेल्या पाण्यात ठेवायचे, त्यांची संतती वाढवायची, आणि तिसऱ्या पिढीतल्या पिल्लांत काय बिघडले ते सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी शोधायचे. मेंडेलच्या हिशेबाने चारातले एक पिल्लू सदोष निघते. ट्युबिंगेन आणि बॉस्टन इथल्या गटांनी मिळून असे जनुक बिघडलेले हजारो मासे, म्हणजे म्यूटंट, गोळा केले आणि डिसेंबर 1996 मध्ये ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकाचा अख्खा अंक त्यांनीच भरला. बुद्धीइतकाच हा चिकाटीचा खेळ होता, हे त्या अंकातली पाने चाळताना लक्षात येते. म्यूटंट सापडला तरी जनुक हाती लागत नसे. ते गुणसूत्रावर कुठे आहे हे शोधायला वेगळ्या वाणाशी संकर लागे, आणि त्यासाठी खूप वापरला गेलेला ‘डब्ल्यूआयके’ हा वाण भारतातून पकडून नेलेल्या रानमाशांपासून तयार झाला. दुकानातल्या माशाची कुंडली मांडायला पुन्हा मायदेशचाच मासा लागला!

या म्यूटंटांपैकी एकाचे नाव ‘पेनर’. पिल्लू साधारण पाच दिवसांचे होईस्तोवर त्याच्या कातडीचा खालचा थर बिघडू लागे. पेशी गोलसर होत, जागा सोडत, नको तितक्या वाढत. त्या काळी न्यूसलाइन-फोलहार्ड यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या महेंद्र सोनवणे आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवले, की पेनरमध्ये बिघडलेले जनुक म्हणजे एलजीएल2. कातडीचा तळचा थर खालच्या पडद्यावर हेमिडेस्मोसोम नावाच्या सूक्ष्म रिपिटांनी ठोकलेला असतो, आणि या जनुकाशिवाय त्या रिपिटा बसतच नाहीत. माणसात अशा रिपिटांचे घटक जन्मतः सदोष असले तर नुसत्या घासण्यानेही कातडीला फोड येतात.

गंमत अशी, की एलजीएल हे कुटुंब शास्त्रज्ञांना माशीतून आधीच ठाऊक होते. तिथे ते बिघडले की अळी कोष न करता फुगत जाते आणि मेंदूत गाठी होतात, म्हणून ते गाठी रोखणारे जनुक मानले गेले. माशाने त्याच कुटुंबाचे दुसरे काम दाखवले. 2009 मध्ये सोनवणे आणि न्यूसलाइन-फोलहार्ड यांनी त्यात आणखी एक पदर जोडला. शेजारच्या पेशींना एकमेकींशी चिकटवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन रिपिटा बसायला अडवते आणि एलजीएल2 त्याच्या उलट ओढते, हा तो पदर.

पुढे सोनवणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) आले. टीआयएफआरचे नाव निघाले की लोकांना होमी भाभा आणि अणू आठवतात, पण तिथे 1962 मध्येच ओबेद सिद्दीकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला होता आणि फळमाशीच्या जनुकांवर तिथे मोठे काम झाले. माशीच्या घरात मासा आला, एवढेच. मात्र माशी बाटलीत राहते, माशाला पाणी लागते. 28 अंशांच्या आसपासचे फिरते, गाळलेले पाणी, आर्टेमियाच्या पिल्लांचे खाणे, चौदा तास उजेड आणि दहा तास अंधार. संध्याकाळी नर-मादी एकाच टाकीत पण मधल्या पडद्याने वेगळे ठेवतात आणि सकाळी दिवे लागले की पडदा काढतात. मग अंडी पडतात आणि संशोधकाचा दिवस सुरू होतो. पिंजऱ्यातल्या उंदराचे कौतुक सगळे करतात. या टाक्या धुणाऱ्या हातांचा उल्लेख मात्र फारसा कुणी करत नाही.

कुलाब्याच्या या प्रयोगशाळेतून 2014 मध्ये ‘गूजपिंपल्स’ या म्यूटंटचा उलगडा झाला. त्याच्या कातडीवर पेशींचे पुंजके उठत. दोष मायोसिन-फाइव्ह-बी या जनुकात होता. पेशीच्या आतला माल पृष्ठभागाकडे नेणारे हे प्रथिन. ते नसले की वरच्या थरातल्या पेशींना पुरेसे आवरण मिळत नाही आणि त्या आक्रसतात. माणसाच्या तान्ह्या बाळात हेच जनुक सदोष असेल तर आतड्याचा गंभीर आजार होतो आणि जुलाब थांबत नाहीत. या शोधनिबंधाच्या लेखकांची यादी वाचताना मराठी वाचक थबकतो : सिधये, फाटक, देशपांडे, भिडे अशी आडनावे, आणि त्याच ओळीत न्यूसलाइन-फोलहार्ड.

  

एलजीएलकडे परतायचे तर याच प्रयोगशाळेचे 2016 चे काम पाहावे लागते. माशाच्या सगळ्यात वरच्या पेशींवर बोटांच्या ठशासारख्या बारीक वळ्या असतात. माणसाच्या तोंडातल्या आतल्या अस्तरावर आणि डोळ्याच्या बुबुळावरही तशा सापडतात. या वळ्या किती लांब वाढाव्यात यावर कुणाचा ताबा असतो, हे मुंबईच्या गटाने तपासले. एपीकेसी हे प्रथिन एलजीएलला पेशीच्या वरच्या पृष्ठभागापासून दूर ठेवते; ते नसेल तर एलजीएल तिथे घुसते आणि वळ्या नको तितक्या लांबतात. तळाच्या थरात रिपिटा बसवणारे कुटुंब वरच्या थरात मात्र पृष्ठभागापासून दूर राहिलेलेच बरे.