पाथरी आणि लसीकरणाचा इतिहास : एक टिपण

देवी हा रोग, त्या रोगाची अधिष्ठात्री आणि त्यावरील प्रतिबंधक टोचणी या तिन्हींसाठी मराठीत एकच शब्द रूढ झाला. रोग झाला की मुलास ‘देवी आल्या’ असे म्हणत. लस टोचली की ‘देवी काढल्या’ असे म्हणत. परभणी जिल्ह्यातील पाथरीसारख्या गावातील लसीकरणाचा विचार करताना ही भाषा प्रथम ध्यानात घ्यावी लागते. कारण टोचून घेणाऱ्या समाजाची बाजू तीत सामावलेली आहे.

मुंबईत या लसीचा पहिला यशस्वी प्रयोग १४ जून १८०२ रोजी झाला. बगदाद व बसरा या मार्गाने आलेली लस ॲना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली आणि तिच्या फोडातील द्रव पुढील आठवड्यात आणखी पाच बालकांस देण्यात आला. मुंबईहून लस पुणे, सुरत, हैदराबाद व मद्रास येथे पोहोचली. उष्ण हवेत तिचे सामर्थ्य टिकत नसे. म्हणून मुलाचा दंड हेच तिचे पात्र ठरले. टोचलेले मूल सुमारे आठव्या दिवशी परत आणावे, त्याचा फोड उघडावा आणि द्रव दुसऱ्या मुलास द्यावा, अशी ही पद्धत होती. आपल्या मुलास पुन्हा वेदना होणे व परक्या शरीरातील द्रव त्याच्या अंगात जाणे पालकांस रुचत नसे. उपदंशासारखा रोग संक्रमित होण्याचे भयही निराधार नव्हते. सबब या विरोधास केवळ अंधश्रद्धा म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. वासरांच्या त्वचेवर लस वाढविण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली, तेव्हा आक्षेपाचे एक मोठे कारण नाहीसे झाले.

बालकांचे लसीकरण सक्तीचे करण्याची तरतूद मुंबईसाठी १८७७ च्या व ब्रिटिश हिंदुस्थानासाठी १८८० च्या कायद्याने झाली. परंतु पाथरी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. ती १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आली. म्हणून मुंबई इलाख्याच्या अहवालांवरून काढलेली अनुमाने मराठवाड्यास सरसकट लागू करता येत नाहीत. येथील अभ्यासकाने हैदराबादच्या उर्दू कागदपत्रांकडे वळणे अगत्याचे आहे.

देवीचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा १९८० मध्ये झाली. भारताचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. आता क्षय, पोलिओ, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, गोवर इत्यादींवरील लसी वयाच्या ठराविक टप्प्यांवर दिल्या जातात. इन्फ्लुएंझाचा विषाणू सतत बदलतो. त्यामुळे त्यावरील लस मात्र दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. पूर्वीचे मूल दुसऱ्यासाठी लस वाहून नेत असे. आजचे मूल ती केवळ स्वतःसाठी घेते. तथापि आई त्यास पुढील मात्रेसाठी पुन्हा घेऊन येईल काय, हा प्रश्न दोन्ही काळी तितकाच निर्णायक राहिला आहे. टोचलेल्यांचे आकडे अहवालांत मिळतात; त्या परत येण्यामागील विश्वास कसा निर्माण झाला, याचा शोध हे संशोधनाचे खरे क्षेत्र होय.